रुपया टाकून बोलायचा कॉइन बॉक्स: आज चालू करायचा तर काय लागेल, आणि हे फोन रस्त्यावरून गेले कसे?

लटकता_चोंगा

शाळेतल्या प्रदर्शनासाठी दोन जुने कॉइन बॉक्स मिळालेत. लाल, भिंतीवर टांगायचे, एक रुपयाचे. पानाच्या टपरीला नाहीतर किराणा दुकानाच्या खांबाला असायचे तेच. नुसते मांडून ठेवायचे नाहीत, मुलांनी नाणं टाकून एकमेकांशी बोलावं असा बेत आहे. सध्या फायबरच्या मोडेमला मागे जो फोनचा पोर्ट असतो, त्यावर जोडून पाहतोय.

पहिला संच: डायल टोन येतो, नंबर लागतो, समोरच्याचं "हॅलो" स्वच्छ ऐकू येतं. आपला आवाज मात्र पलीकडे जात नाही. जुना मोठा रुपया टाकला की आत "टिक" होतं आणि नाणं खालच्या वाटीत परत. हल्लीचा छोटा रुपया टिकदेखील न करता परत येतो. दोन रुपयांचं नाणं मात्र जुन्या रुपयासारखंच टिक करतं, हे काही कळलं नाही.

दुसरा संच: रिसीव्हर उचलल्या उचलल्या पीं-पीं सुरू. नंबर फिरवायच्या आधीच नाणं मागतो.

शिवाय शेजारी एक फलक लावायचा आहे, हे फोन आणि पिवळ्या पाटीचे एसटीडी (परगावी थेट फोन लावायचे) बूथ का गेले त्याचा. "मोबाइल आला म्हणून" एवढ्या एका वाक्यावर भागवायचं नाही. जाणकारांनी सांगावं.

तांब्याची_जोडी

दोन्ही संचांचं दुखणं एकच आहे, आणि बहुधा दोन्ही संच धडधाकट आहेत.

हा फोन "आधी बोलणं जुळू दे, मग पैसे" या पद्धतीचा आहे. समोरच्याने फोन उचलेपर्यंत नाणं घ्यायचं नाही, आणि उचलल्यावर नाणं पडेपर्यंत आपला माइक बंद ठेवायचा, एवढंच त्याचं डोकं. म्हणून समोरचा ऐकू येतो आणि तुम्ही त्याला ऐकू जात नाही. बिघाड नाही तो, रचना आहे. याचाच फायदा घेऊन लोक फुकटात निरोप द्यायचे: दोनदा घंटा म्हणजे पोहोचलो, "हॅलो" ऐकून ठेवला म्हणजे निघालो.

प्रश्न असा की समोरच्याने उचलला हे बॉक्सला कळतं कसं? एक्स्चेंज सांगतं. साध्या तांब्याच्या लाइनवर फोन ठेवलेला असताना दोन तारांमध्ये साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात. उचलला की ते घसरून सहा ते दहा व्होल्टवर येतात आणि २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. कॉइन बॉक्स आणि पीसीओच्या (सार्वजनिक फोन बूथच्या) लाइनना एक्स्चेंजमध्ये एक वेगळी सोय लावून दिलेली असे: पलीकडे फोन उचलला गेला की या दोन तारांची धन-ऋण बाजू उलटायची, आणि पलीकडच्याने ठेवला की पुन्हा सुलटायची. याला लाइनमन नुसतं "रिव्हर्सल" म्हणत. साध्या घरगुती फोनला काही फरक पडत नाही, कारण आत चार डायोडचा ब्रिज असतो, तारा कशाही लागल्या तरी तो आत दिशा एकच ठेवतो. कॉइन बॉक्स मात्र ब्रिजच्या आधीच दिशा बघतो.

फायबर मोडेमच्या फोन पोर्टवर रिव्हर्सल साधारणपणे बंद असतं. त्यामुळे पहिल्या संचाच्या दृष्टीने समोरच्याने फोन उचललेलाच नाही. तो नाणं परत करतो ते बरोबरच करतो.

दुसऱ्या संचाच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. त्याला उचलल्या उचलल्या उलटी दिशा दिसते, म्हणजे "पलीकडे उचलला, आता पैसे टाका". रोझेटमधल्या (भिंतीवरच्या फोनच्या डबीतल्या) किंवा संचाच्या टर्मिनलवरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. मग तोही पहिल्यासारखाच वागायला लागेल.

खात्री करायची तर मल्टिमीटर २०० व्होल्ट डीसीवर ठेवून लाइनला समांतर लावा. रिसीव्हर उचला, दुसऱ्या फोनवर कॉल लावा आणि तो उचलला जाताना आकड्याकडे बघा. अधिकचं उणे झालं तर रिव्हर्सल आहे. चिन्ह तसंच राहिलं तर नाही. घंटा वाजवणाऱ्या लाइनवर उघड्या तारेला हात लावू नका. रिंगचा व्होल्टेज ७५ च्या आसपास असतो, मरणार नाही पण झटका चांगलाच बसतो.

गल्लीतला_गल्ला

नाण्याचं कोडं सोडवतो.

१९९२ पासून निघालेला स्टेनलेस स्टीलचा रुपया २५ मि.मी. व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅमचा होता. बहुतेक कॉइन बॉक्स या नाण्यावर बेतलेले. मधे नक्षी बदलली, हाताच्या मुद्रेचा रुपया आला, पण माप तेच राहिलं. २०११ मध्ये ₹ चिन्हाची मालिका आली आणि रुपया एकदम २१.९३ मि.मी., ३.७९ ग्रॅमवर उतरला. त्याच मालिकेत दोन रुपयांचं नाणं २५ मि.मी. आणि ४.८५ ग्रॅमचं केलं. म्हणजे नेमकं जुन्या रुपयाचं माप, धातूही तोच. तुमच्या संचाला दोन रुपये आणि जुना रुपया यांत काडीचाही फरक दिसत नाही, तो दोन घेऊन एकाचंच बोलू देईल. २०१९ च्या मालिकेत तर रुपया आणखी लहान होऊन २० मि.मी.चा झाला आणि पाचाचं नाणं २५ मि.मी.चं झालं, ते वजनाने जड आणि पितळी रंगाचं, पण व्यासाची चाळणी तेही पार करेल.

आत काय होतं ते झाकण उघडून पाहा. फटीतून पडलेलं नाणं कडेवर उभं राहून एका तिरप्या पट्टीवरून घरंगळतं. त्याची वरची कड दुसऱ्या पट्टीला टेकलेली असते आणि बाजूला खिडकीसारखी मोकळी जागा असते. नाणं पुरेसं मोठं असेल तर वरच्या पट्टीचा आधार मिळून पुढे जातं. लहान असेल तर आधार सुटतो, ते खिडकीतून कलंडून थेट वाटीत येतं. छोट्या रुपयाचा टिक आवाज येत नाही तो यामुळे, तो सेन्सरच्या पट्टीपर्यंत पोहोचतच नाही. मोठं नाणं पुढे जाऊन एका बारीक तरफेला धक्का देतं (तुमचा "टिक"), आणि तिथे कॉइलने ओढलेली झडप ठरवते की डावीकडे गल्ला की उजवीकडे परतीची वाट. कॉइलला वीज न मिळाल्यास वाट परतीचीच, हे मुद्दाम. बिघडला तरी लोकांचे पैसे खाऊ नयेत म्हणून.

काही संचांत पट्टीलगत लोहचुंबक असतं. आधीचा १९८० च्या दशकातला रुपया तांबं-निकेलचा, २६ मि.मी. आणि ६ ग्रॅम. तेव्हाच्या यंत्रात चुंबक लोखंडी चकत्या पकडायला बसवत. १९९२ चा रुपया स्वतःच चुंबकाला चिकटतो! त्यामुळे तुमचा संच जर त्या जुन्या पिढीतला असेल आणि नाणं मधेच अडकत असेल, तर आधी चुंबक आहे का ते बघा.

दुरुस्तीचं म्हणाल तर:

नाण्याची वाट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा. तेल, ग्रीस, फवाऱ्याचं वंगण, काही म्हणजे काही लावू नका. आठवडाभर झकास चालेल, मग धूळ धरून चिकट राप बसेल आणि नाणं मधेच थांबेल. तरफेच्या खिळीत तंबाखूचा चुरा, आगपेटीच्या काड्या, दोऱ्याचे तुकडे सापडतील. दोरा बांधून नाणं परत ओढायचा प्रयोग सगळीकडे होत असे, म्हणून वाटेत एकाच बाजूला उघडणारं पातं असतं. ते वाकलेलं असल्यास हाताने सरळ करा, पक्कडीने तुटतं.

संच टांगताना ओळंबा धरा. दोन-तीन अंश तिरका झाला तरी नाण्याचा वेग बदलतो आणि चांगलं नाणं खिडकीतून पडायला लागतं. भिंतीवर टांगायचा संच टेबलावर आडवा ठेवून "नाणं घेत नाही" म्हणणारे बरेच भेटतात.

छोट्या रुपयासाठी वरची पट्टी खाली सरकवून संच बदलता येतो, पण मला ते पटत नाही. १९९२ ते २०१० या सालांचे पन्नासेक रुपये गोळा करा, बँकेत किंवा देवळाच्या दानपेटीच्या मोजणीत सहज मिळतील. ते चलनात आहेत.

तांब्याची_जोडी

वरच्यात एक भर: टिक होऊनही रिव्हर्सल मिळाल्यावर झडप उघडली नाही, तर कॉइलऐवजी आधी कपॅसिटर तपासा. लाइनचा २०-४० मिलिअँपिअर प्रवाह कॉइल ओढायला पुरत नाही. म्हणून एकतर आत बॅटरी असते, नाहीतर एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सावकाश भरून घेऊन एका दणक्यात कॉइलवर सोडतात. वीस वर्षांत तो सुकलेला असतो. लक्षण: कॉइल "टुक" करते पण पातं अर्धंच हलतं. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेजला तितकाच किंवा थोडा वरचा नवा लावा, उणे बाजूची पट्टी बघून. बॅटरीवाला संच असेल तर सेल काढून खणातला हिरवा-पांढरा गंज पुसा, स्प्रिंग घासा.

पल्स_मोजणारा

फलकाचं मी घेतो, कारण "मोबाइल आला आणि पीसीओ गेले" हे अर्धंच खरं आहे. मोबाइल भारतात १९९५ मध्ये आला. पीसीओचा धंदा त्यानंतरही बरीच वर्षं वाढतच होता.

आधी बूथ म्हणजे काय ते. न्यूयॉर्क-लंडनसारखा रस्त्यावर उभा केलेला कंपनीचा खोका आपल्याकडे कधी फारसा नव्हता. लाइन दूरसंचार खात्याची, जागा, काचेची केबिन, कॉलचा वेळ आणि पैसे दाखवणारं मॉनिटर यंत्र आणि माणूस दुकानदाराचा, आणि मोबदला म्हणजे कमिशन. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, देशी डिजिटल एक्स्चेंजं बसायला लागली, तिच्यामागचे तंत्रज्ञ सॅम पित्रोदा यांनी "प्रत्येक घरात फोन" ऐवजी "प्रत्येकाच्या हाताशी फोन" यावर जोर दिला, आणि पुढच्या दशकात पिवळ्या पाट्या गावोगाव गेल्या. वाटप करताना अपंग, माजी सैनिक, युद्धविधवा यांना प्राधान्य असे. फलकावर हे जरूर लिहा, कारण बूथ गेले तेव्हा नुसती सोय गेली नाही, या लोकांचा बसल्या जागेचा रोजगार गेला.

आता गेले कसे. एसटीडीचा हिशेब मिनिटांवर नव्हता, युनिटवर होता. युनिटचा भाव एकच, पण एक युनिट किती सेकंदांचं ते अंतरावर आणि वेळेवर ठरे. स्थानिक कॉलला मिनिटांत मोजावं असं लांब युनिट, आणि हजार किलोमीटरपलीकडे दिवसा पूर्ण दरात अवघ्या दोन-तीन सेकंदांना एक. संध्याकाळनंतर अर्धा दर, रात्री उशिरा पाव. म्हणून बूथवरची गर्दी रात्रीची. धंद्याचा कणा म्हणजे हे लांबचे कॉल. स्थानिक कॉलवर केबिनचं वीजबिलही निघणं कठीण.

मग तीन घाव बसले. १९९९ पासून दूरच्या पल्ल्याचे दर नियामकाने टप्प्याटप्प्याने खाली आणले, तिथून कमिशनची रक्कम आटायला लागली. कॉल वाढले म्हणून सुरुवातीला ते जाणवलं नाही. दुसरा घाव १ मे २००३ चा: मोबाइलवर येणारा कॉल फुकट झाला. तोपर्यंत फोन घेणं म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कॉलचेही पैसे भरणं. त्या दिवसापासून ज्याला फक्त निरोप हवा असतो, त्यालाही मोबाइल परवडायला लागला. गवंडी, रिक्षावाला, प्लंबर यांना येणारा कॉल म्हणजे काम. तो आता बूथवाल्याच्या हाकेवर अवलंबून राहिला नाही. तिसरा घाव १ मार्च २००६: बीएसएनएल आणि एमटीएनएलने "वन इंडिया" योजनेत देशभर रुपयात मिनिट केलं. अंतराचा फरकच पुसला गेला. बूथचं सगळं गणित अंतरावर उभं होतं, ते त्या दिवशी संपलं. २००९ मध्ये मोबाइलवर सेकंदाला पैसा अशी आकारणी आली, तोवर मागे राहिलेल्यांचाही निकाल लागला होता.

आणि बूथ कोणी "काढले" नाहीत, हेही वेगळं. परदेशात कंपनीच्या मालकीचे खोके होते म्हणून तारीख सांगता येते: न्यूयॉर्क शहराने आपला शेवटचा सार्वजनिक फोन मे २०२२ मध्ये उचलला, जर्मनीत नोव्हेंबर २०२२ मध्ये नाण्यांची सोय बंद केली. आपल्याकडे एकेका दुकानदाराने लाइन परत केली, अनामत घेतली, केबिनमध्ये झेरॉक्सचं मशीन ढकललं आणि पाटीवर "रिचार्ज" चिकटवलं. कित्येक ठिकाणी पाटी अजून आहे, फोन नाही.

गल्लीतला_गल्ला

हे एसटीडी बूथचं झालं. कॉइन बॉक्सचा मृत्यू वेगळा आणि उशिराचा आहे, दोन्ही एका पोत्यात घालू नका. कॉइन बॉक्सला माणूस लागत नव्हता, केबिन लागत नव्हती, लांबच्या कॉलवर तो जगतही नव्हता. शून्य बंद केलेली (म्हणजे एसटीडी न लागणारी) साधी स्थानिक लाइन आणि रुपयाची नाणी. टपरीवाल्याला तर दुहेरी फायदा: संध्याकाळी गल्ला उघडला की सुट्ट्या पैशांची ददात मिटे. चिल्लरच्या टंचाईत काही जण केवळ त्यासाठी बॉक्स ठेवून होते. माझ्या मते त्याला खरा दणका २०११ च्या नाण्याने दिला.

पल्स_मोजणारा

वेगळा आणि उशिराचा हे मान्य. नाण्याने मारलं हे मान्य नाही. २०११ पर्यंत जुने रुपये भरपूर फिरत होते, ते एका वर्षात गायब होत नाहीत. नाण्याने फक्त दुरुस्ती न परवडणारी केली: नवी नाण्याची यंत्रणा बसवायला लागणारा खर्च त्या बॉक्सच्या कमाईतून निघेना, म्हणून बिघडलेला बॉक्स तसाच पडून राहिला. शेवटच्या काळातल्या बऱ्याच बॉक्सच्या आत तर तांब्याची लाइन नव्हतीच, सीडीएमए वायरलेस फोन होता. त्या सेवा २०१७ च्या सुमारास गुंडाळल्या गेल्या आणि बॉक्स एका रात्रीत मुके झाले. मोडेमला जोडण्याआधी तुमच्या संचाच्या पाठीला अँटेनाचं भोक नाही ना, ते एकदा बघा.

शून्य_बंद

दोघांच्याही नजरेतून नंबरांचा भाग सुटला.

कॉइन बॉक्समध्ये एक छोटा तक्ता असतो: पहिला आकडा कोणता, त्यावरून कॉल करू द्यायचा का आणि एका रुपयाला किती सेकंद द्यायचे. ० दाबला की अडवायचा, कारण तो एसटीडी. १०० आणि १०१ नाण्याशिवाय सोडायचे. ९ म्हणजे मोबाइल, त्याला कमी सेकंद. बाकीचे स्थानिक. पुढे ८ आणि ७ ने सुरू होणारे मोबाइल नंबर आले. ज्या बॉक्सच्या तक्त्यात फक्त ९ होता, तो या नंबरांना स्थानिक समजून जास्त वेळ देणार, म्हणजे प्रत्येक कॉलला मालकाच्या खिशाला चाट. तक्ता बदलायचा तर चिप बदला.

त्यावर कळस १५ जानेवारी २०२१ चा. लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला कॉल करताना आधी ० लावणं त्या दिवसापासून सक्तीचं झालं. शून्य बंद असलेला कॉइन बॉक्स आज एकाही मोबाइलला फोन लावू शकत नाही, यंत्र कितीही ठणठणीत असो. प्रदर्शनात कोणी "माझ्या आईचा नंबर लावून बघतो" म्हणणारच, तेव्हा हे सांगायला उपयोगी पडेल.

लटकता_चोंगा

खूपच कामाची माहिती, सगळ्यांचे आभार. मोजून पाहिलं: ठेवलेला असताना ४७.६, उचलल्यावर ७.९, पलीकडे उचलल्यावर तेवढेच, चिन्ह बदलत नाही. म्हणजे रिव्हर्सल नाही. दुसऱ्या संचाच्या वायरी बदलल्या, आता तो शांत आहे. अँटेनाचं भोक दोन्हीला नाही. आता बाहेरच्या लाइनचा नाद सोडून दोन बॉक्स फक्त एकमेकांशी बोलतील असं करायचंय. स्वस्तातलं इंटरकॉमचं एक्स्चेंज चालेल का? आणि आणखी एक, एसटीडी बूथचं लाल आकड्यांचं मॉनिटर यंत्र एका दुकानदाराने देऊ केलंय. चालू होण्यासारखं असतं का ते?

तांब्याची_जोडी

छोट्या इंटरकॉम एक्स्चेंजच्या अंतर्गत लाइनवर सहसा रिव्हर्सल मिळत नाही. दोन मार्ग आहेत.

नीटनेटका मार्ग: दोन फोन पोर्टचा एटीए (साधा फोन संगणकाच्या जाळ्याला जोडणारी डबी) आणि ॲस्टरिस्क (एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर) बसवलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा एखादा जुना संगणक. एटीए घेताना त्याच्या सेटिंगमध्ये "पोलॅरिटी रिव्हर्सल" आहे का ते माहितीपत्रकात वाचूनच घ्या, सगळ्यांत नसतं. ते चालू करा. संच फिरवायच्या तबकडीचा असेल किंवा त्यावरची कळ "प" (पल्स) वर असेल तर "पल्स डायलिंग" ची सोयही हवी. नाहीतर कळ "ट" (टोन) वर करा. दोन्ही पोर्टना बाहेरच्यासारखे, २ ने सुरू होणारे पूर्ण लांबीचे नंबर द्या. २१-२२ असे दोन आकडी दिले तर बॉक्सचा तक्ता त्यांना कॉल मानेलच असं नाही. हे सगळं शाळेच्या आतच ठेवा. इंटरनेटवरची फोन यंत्रणा बाहेरच्या टेलिफोन जाळ्याला जोडायला परवाना लागतो.

जुगाडाचा मार्ग: साधा इंटरकॉम आणि एक डीपीडीटी स्विच (दोन्ही तारा एकदम दुसऱ्या बाजूला वळवणारा). सहा पाय असतात. मधल्या दोन पायांना एक्स्चेंजकडून येणाऱ्या तारा. एका टोकाच्या दोन पायांवरून फोनला तारा. त्याच दोन पायांवरून पलीकडच्या टोकाच्या दोन पायांना फुलीसारख्या उलट जोडण्या. फोन करणाऱ्या बॉक्सच्या लाइनवर हा बसवायचा. पलीकडच्या मुलाने रिसीव्हर उचलला की स्वयंसेवकाने स्विच खाली पाडायचा, झालं रिव्हर्सल. पाडताना लाइन काही मिलिसेकंद तुटते, पण चटकन पाडला तर कॉल तुटत नाही. हळूहळू ढकललात तर मात्र एक्स्चेंजला वाटेल फोन ठेवला. मुलांना हे जास्त कळेल असं मला वाटतं, एक्स्चेंजचं काम एक जण हाताने करताना दिसेल. कॉल संपल्यावर स्विच परत वर करायला विसरू नका, नाहीतर पुढचा मुलगा उचलल्या उचलल्या पीं-पीं.

पल्स_मोजणारा

मॉनिटर जरूर घ्या, पण वीज लावायच्या आधी उघडा. आत घड्याळ चालू ठेवायला निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असते, ती हमखास गळलेली असते आणि आसपासच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. बॅटरी कापून काढा, हिरवट भागाला कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावून पुसा, मग अल्कोहोलने. तुटलेल्या रेघांवर बारीक वायर डाखून घ्या. काळी ४० पायांची चिप म्हणजे प्रोसेसर. तिच्याजवळ जिच्या पाठीवर कागदी चिठ्ठी चिकटवलेली असेल ती ईप्रॉम, दरांचा सगळा तक्ता तिच्यात. चिठ्ठी काढू नका, खाली काचेची खिडकी आहे आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी आतलं पुसलं जातं. दर बदलले की हीच चिप बदलून न्यावी लागायची.

डायल केलेले आकडे बहुधा एमटी ८८७० ही चिप ओळखते, शेजारी ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दिसेल. आकडे उमटतात पण सेकंद धावत नाहीत असं झालं तर पुन्हा तेच, रिव्हर्सल हवं. काही यंत्रं रिव्हर्सलऐवजी एक्स्चेंजकडून येणारे १६ किलोहर्ट्झचे मीटर पल्स (युनिटमागे एक) मोजत. ते कानाला ऐकू येत नाहीत आणि लांबच्या लाइनवर क्षीण होतात. पल्स हुकला की गिऱ्हाईकाची पावती कमी आणि खात्याचं बिल जास्त, फरक दुकानदाराचा. रिव्हर्सलवाल्यांचा घोळ वेगळा: घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर अर्धा दर दोन मिनिटं आधीच लागे. तुमच्याकडचं १६ किलोहर्ट्झवालं निघालं तर एटीएवर ते चालण्याची आशा धरू नका, नुसते आकडे दाखवण्यापुरतं ठेवा.

छपाईची शाईफीत सुकली असेल तर शिक्क्याच्या शाईचे दोन थेंब पुरतात. कागद ५७ मि.मी. रुंदीचा साधा रोल. हल्लीचा बिलाचा थर्मल रोल घातला तरी फीत त्यावर छापते, फक्त फिकट.

गल्लीतला_गल्ला

बॉक्सशेजारी क्रम मोठ्या अक्षरांत लिहा: रिसीव्हर उचला, नंबर लावा, "हॅलो" ऐकू आला की मग नाणं टाका. आताची मुलं आधी पैसे भरायला सरावलेली, ती पहिल्यांदा नाणंच टाकतील, ते वाटीत परत येईल आणि फोन बिघडलाय म्हणून तुम्हाला बोलावतील. आणि गल्ल्याची किल्ली नसेल तर कुलूप फोडू नका. बहुतेक कॅम लॉक मागच्या एका नटवर असतात, संच भिंतीवरून उतरवून वरचं झाकण काढलं की तिथवर पाना पोहोचतो.